अर्ध्या बोलीची पाठवणी

एका गावात एक शेठाणी होती. तिचा धंदा गोधड्यांचा. जुनी लुगडी, धोतरं, पटके एकावर एक अंथरायचे, चारी बाजूंनी बायका बसवायच्या आणि धावदोरा घालून घ्यायचा. तिच्या पडवीत शिवलेली गोधडी अंगावर घेतली की पहाटेची थंडी उंबऱ्याबाहेरच उभी राहते, असं लोक म्हणायचे. राजाच्या घोडेस्वारांना गोधड्या जायच्या त्या तिच्याचकडून.

शेठाणीकडे बायका दोन तऱ्हेच्या. काही कायमच्या, काही बोलीवरच्या. बोलीवरची बाई दिवाळी झाली की यायची आणि शिमगा झाला की जायची. तेवढीच तिची बोली. पण जायची ती थाटात जायची. शेवटच्या दिवशी सगळ्याजणी सुया खोचून ठेवायच्या, तिची खणानारळानं ओटी भरायच्या आणि भर बाजारातून तिला वेशीपर्यंत पोचवायला जायच्या. वेशीपाशी ती म्हणायची, "येते गं." या म्हणायच्या, "ये." झालं. लेक सासरी निघाल्यासारखी पाठवणी.

हे नुसतं कौतुक नव्हतं बरं का. बाजारात आजूबाजूच्या गावची माणसं असायची. पुढच्या साली कुणाला बाई ठेवायची असली की ती माणसं एकच विचारायची, "तिला पोचवायला कोण कोण गेलं होतं?" सगळ्याजणी गेल्या होत्या म्हटलं की बाई चोख. दुसरी पारख नाही की परीक्षा नाही.

या पडवीत बयजा नावाची एक कायमची बाई होती. तोंडाची मोठी फटकळ. कुठं काय बोलावं हे बयजाला विचारावं. बारशाला काय बोलावं, मयताला काय बोलावं, कुणाची शेळी लांडग्यानं नेली तर काय बोलावं, सगळं तिच्या जिभेवर तयार. गावातल्या सुना कुणाच्या दारी जायच्या आधी तिच्याकडून दोन वाक्यं मागून न्यायच्या.

त्या साली बयजाच्या शेजारी राही बसायची. राही बोलीवरची. ओढ्यापलीकडच्या वस्तीतून यायची. तिचा नवरा मिठाच्या बैलांबरोबर कोकणात उतरलेला, तो कधी येईल ते बैलांनाच ठाऊक. घरी दोन लहान पोरी आणि डोळ्यांनी अधू झालेला म्हातारा बाप. सगळ्यांची चूल तिच्या सुईवर पेटायची. पण कपाळाला आठी नाही. टाका असा बारीक घालायची की जणू तांदूळ ओळीत मांडलेत. आणि जीभ बयजाच्या तोडीची.

"बयजाक्का, तुझा टाका बघ की. बेडूक उड्या मारत गेलाय."

"मेले, तुझा टाका बघायला भिंग लागेल. मुंगीची गोधडी शिवतेस का?"

असं दिवसभर चालायचं. दुपारी दोघी एका फडक्यावर भाकरी सोडायच्या. राहीचा ठेचा बयजा खायची आणि वर तिलाच नावं ठेवायची.

पौष निम्मा झाला असेल. राजाचा कारभारी आला. घोड्यावरून उतरलासुद्धा नाही. म्हणाला, "मोहीम रहित झाली. आता गोधड्या अर्ध्याच पाठवा."

शेठाणीनं राहीला आतल्या खोलीत बोलावलं. बयजा तिथंच कोपऱ्यात दोऱ्याची लड शोधत होती. तिला सगळं ऐकू आलं.

"राही, अर्धं काम गेलं. तू सगळ्यांत शेवटी आलीस, म्हणून तुला आजच मोकळी करते. झालेल्या कामाचे सगळे पैसे घेऊन जा. तुझी काही चूक नाही हो. उलट हात चांगला आहे तुझा."

"शिमग्यापर्यंतची बोली होती, बाई."

"होती. पण काम कुठं आहे?"

राही उठली. बाहेर आली आणि आपल्या जागेवर बसली. अर्धवट राहिलेली ओळ पुरी करायला लागली.

बयजा लड घेऊन मागोमाग आली. येऊन शेजारी बसली. आणि काय सांगावं, तिच्या तोंडाला जणू कुणी टाके घातले. जन्मात पहिल्यांदा तिला कळेना काय बोलावं.

वाईट झालं म्हणावं, तर हिच्या जखमेवर मीठ. बरं काही बोलू नये, तर हिला वाटेल बयजाला काहीच वाटलं नाही. दुसरीकडे मिळेल काम म्हणावं, तर ते कुठं मिळेल ते सांगता यायला हवं. शेठाणीला शिव्या घालाव्यात, तर भिंतीपलीकडे शेठाणी. मयताला बोलायचं म्हणावं, तर हे मयत नव्हे. आणि सासरी पाठवताना बोलायचं म्हणावं, तर हे लग्नही नव्हे. मग हे आहे तरी काय?

ती पाण्याच्या निमित्तानं उठली. रांजणापाशी ठकूमावशी पाणी पीत होती. ठकूमावशी पडवीतली सगळ्यांत म्हातारी. रीतीभाती तिच्या तोंडपाठ.

"मावशी, राहीला काढलं."

"कळलं मला. तोंडावरनंच कळलं."

"मग ओटीचं काय? आज भरायची ना?"

मावशीनं तांब्या खाली ठेवला. "अगं, ओटी बोली पुरी झालेलीची. हिची बोली अर्ध्यात मोडली. अर्ध्या बोलीची ओटी कुणी भरल्याचं मी तरी ऐकलं नाही. आणि भरायची तर नारळ अर्धा द्यायचा की काय?"

"आणि वेशीपर्यंत जायचं?"

"कसं जायचं? काढलेल्या बाईला भर बाजारातून मिरवायचं? लाजून मरेल ती. तिच्याकडे कुणी बघूच नका. खाली मान घालून शिवत राहा. तिला वाटलं पाहिजे, कुणाला काही ठाऊकच नाही."

तेवढ्यात हरणा आली. हरणा मऊ मनाची. तिचे डोळे आधीच भरलेले. "मला नका बाई काही बोलायला सांगू. मी तोंड उघडलं की रडणार. मग राहीलाच माझी समजूत घालत बसावं लागेल." आणि मग आवाज बारीक करून म्हणाली, "शिवाय फार कळवळा दाखवला तर शेठाणी म्हणायची, एवढी माया आहे तर तूही जा तिच्यासंगं."

हे शेवटचं बोलणं तिघींच्याही पोटात आधीपासून होतं. हरणाच्या तोंडून बाहेर पडलं, एवढंच.

बयजा जागेवर आली तेव्हा उठून गेली होती त्याहून जास्त गोंधळलेली. मावशी म्हणते बघू नको. पण शेजारी बसलेल्या माणसाकडे बघायचं नाही म्हणजे मान ठेवायची कुठं? तिनं अंगणाकडे बघितलं आणि म्हणाली, "आज ऊन बरं पडलंय."

राहीनं सुई थांबवली. तिच्याकडे बघितलं. म्हणाली, "हं."

चार टाके झाले. बयजा परत म्हणाली, "कालच्यापेक्षा बरं पडलंय."

या वेळी राहीनं हंसुद्धा केलं नाही.

त्या पडवीत एक रीत होती. गोधडीचं तोंड शिवून बंद करायच्या आधी प्रत्येकीनं आपल्या भाकरीचा नखाएवढा तुकडा आत सारायचा. गोधडी उपाशी ठेवू नये, उपाशी गोधडी ऊब देत नाही, अशी त्यांची समजूत. त्या दिवशी नेमकी एक गोधडी पुरी होत आली होती. राहीनं आपल्या फडक्यातला तुकडा मोडला आणि हात पुढं केला. गोधडीचं तोंड होतं पलीकडे, हरणाच्या बाजूला. तुकडा हातोहात तिकडे जायचा. पण सगळ्यांच्या माना खाली. हिला वाटलं ती घेईल, तिला वाटलं ही घेईल. हात तसाच राहिला. मग राहीनं तो तुकडा हळूच सतरंजीवर ठेवला.

तिनं फडकं झटकलं, गाठोडं बांधलं, पडवीच्या पायरीवर उभी राहिली. म्हणाली, "येते गं."

कुणी ये म्हणालं नाही.

हे म्हणजे दुष्टपणा होता का? मुळीच नाही. सगळ्याजणी रीतसर, मावशीनं सांगितल्याप्रमाणे, तिची लाज राखत होत्या. सुया अशा भराभर चालल्या होत्या, जणू राजाचे घोडे दारात उभे होते. पायरीवर राही थोडी थांबली आणि उतरून गेली.

आता मात्र बयजाला राहवेना. म्हटलं, जळ्ळी मेली ती रीत, मी जातेच. ती उठायला गेली तर अख्खी गोधडी तिच्याबरोबर उठली. खाली मान घालून, काही न बघता, तिनं स्वतःचा पदरच गोधडीला शिवून टाकला होता. चांगला हातभर शिवला होता.

"अगं, सोड, सोड!"

"कात्री कुठंय?"

"ओढू नको, फाटेल!"

"पदर फाटेल की गोधडी?"

दोन बायका इकडून, दोन तिकडून. टाके उसवून पदर मोकळा होईस्तोवर राही बाजाराच्या वळणापलीकडे गेली होती. बयजा पायरीवर उभी राहिली. आता पळत जावं का? पळत जाऊन म्हणावं काय? ऊन बरं पडलंय?

ती परत येऊन बसली. सतरंजीवर राहीचा भाकरीचा तुकडा होता. त्याला मुंग्या लागल्या होत्या.

तो बाजाराचा दिवस होता. राही काखेत गाठोडं मारून भर बाजारातून एकटी गेली. मागे कुणी नाही, ओटीत काही नाही. भाजीवाल्यांनी बघितलं, तेल्यानं बघितलं, लिंबाजी कासारानं बांगड्या मोजता मोजता बघितलं. शिमगा लांब आणि बोलीवरची बाई एकटीच चाललेली. माणसं हातातलं काम थांबवून बघत राहिली.

पुढच्या बाजाराला बयजा बांगड्या भरायला बसली. लिंबाजीनं तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "काय बयजाक्का, तुमच्या पडवीतली ती राही म्हणे लुगडी पळवत होती?"

बयजानं असा हात ओढला की दोन बांगड्या फुटल्या. "कोण म्हणतं?"

"सगळा बाजार म्हणतोय. शेजारच्या पिंपळखुंटीच्या गोधडीवाल्याकडे ती काम मागायला गेली होती. त्यानं इथं माणूस पाठवून विचारलं, बाईला पोचवायला कोण गेलं होतं? कळलं की कुणीच नाही. त्यानं दारातूनच वाटेला लावली तिला. आता वस्तीवर शेण्या थापत बसली म्हणे."

"पण चोरी केली हे कुणी सांगितलं? नाव सांग. त्याची जीभ हातात काढून देते."

लिंबाजी विचारात पडला. "मला तेल्यानं सांगितलं."

बयजा उठून तेल्याकडे गेली. तेली म्हणाला, "मी कुठं चोरी म्हटलं? मी ठकूमावशीला विचारलं, राही मधेच का गेली गं? तर मावशीनं मान खाली घातली. म्हणाली, जाऊ दे बाबा, ते नको बोलायला. आता नको बोलायला म्हणजे काय असतं? मी काय दूधखुळा आहे?"

बयजा परत कासाराकडे आली. मावशीनं तर राहीची अब्रू झाकायला तोंड मिटलं. आणि मिटल्या तोंडातूनच चोरी बाहेर पडली? हे असं कसं होतं?

"लिंबाजीभाऊ, मावशी काही बोलली नाही म्हणून तुम्ही चोरी धरलीत?"

"नुसत्या मावशीवर नाही गं. मी तुलाही विचारलं होतं की."

"मला? कधी?"

"त्याच दिवशी, संध्याकाळी. तू इथनं चालली होतीस. मी म्हटलं, बयजाक्का, राही एकटीच गेली, पोचवायला नाही गेलात? तर तू आभाळाकडे बघितलंस आणि म्हणालीस, आज ऊन बरं पडलं होतं." लिंबाजीनं फुटलेल्या काचा गोळा केल्या. "तुझ्यासारखी बोलकी बाई उन्हावर घसरली. मग मी समजलो, भानगड मोठी आहे."

शेठाणीच्या तोंडचं खरं बयजानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तुझी काही चूक नाही. हे बाजारात सांगू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ते माणूस उन्हाचं कौतुक करत घरी गेलं होतं.

ती तशीच ओढा ओलांडून वस्तीवर गेली. राही अंगणात शेण्या थापत होती. कोपरापर्यंत हात भरलेले. तिनं मान वर केली, बयजाला बघितलं आणि परत शेणात हात घातला.

"ये बयजाक्का. ऊन बरं पडलंय ना आज?"

बयजाला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. तिला रडू फुटलं.

"रडायचं तर पलीकडे जाऊन रड," राही म्हणाली. "बापाला आत्ताच डोळा लागलाय. त्याला मी सांगितलंय की काम लवकर संपलं. तुझं रडणं ऐकून त्याला खरं कळेल."

बयजानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. रडू आवरल्यावर म्हणाली, "राही, मला सुचलंच नाही गं काही."

"हे मी कुणाला सांगू? पिंपळखुंटीवाल्याला सांगू, की आमच्या बयजाक्काला सुचलं नाही? त्यानं मला पडवीतसुद्धा चढू दिलं नाही. वरून त्याच्या बायकोनं वाळत घातलेली लुगडी माझ्यादेखत मोजली. माझ्यादेखत!" तिनं शेणाचा गोळा भिंतीवर असा मारला की शिंतोडे बयजाच्या तोंडावर उडाले. "शेठाणीनं काढलं, त्याचं नाही मला इतकं. तिचं काम गेलं, तिनं माणूस काढलं. पण मी पायरीवर उभी होते, बयजाक्का. येते म्हणाले. तुमच्यातल्या एकीलाही ये म्हणवलं नाही?"

"आम्हाला वाटलं, तू लाजशील."

"मी कशाची लाजू? मी काय केलं होतं?"

तोंडावरचं शेण बयजानं पुसलंसुद्धा नाही. म्हणाली, "मग आता काय करू ते तूच सांग."

"मला काय विचारतेस? मला काय दर साली मधेच काढतात? मलाही पहिलीच वेळ."

दोघींनाही कळेना. मग बयजा एकदम म्हणाली, "चल. परत चल."

"कामावर?"

"कामावर नाही. जायला."

"अगं, मी गेलेली आहे!"

"तशी गेलीस ती चुकीची गेलीस. म्हणजे आम्ही चुकीची घालवली. परत ये, म्हणजे नीट जाता येईल."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"नाही," बयजा म्हणाली. "पण येत्या बाजाराला तू वेशीतून आत ये. पुढचं मी बघते."

बयजा थेट शेठाणीपुढे जाऊन उभी राहिली. सगळं सांगितलं. शेठाणी चक्रावली. "म्हणजे तिला परत कामावर घ्यायचं?"

"नाही."

"मग तिला आणायचं कशाला?"

"पाठवायला."

"बयजे, गेलेल्या बाईला परत आणून पाठवायचं? उद्या म्हणशील, जेवलेल्याला उठवून परत वाढा. आणि बोली पुरी झालेली नाही. ओटी कशी भरायची?"

"बोली तुम्ही मोडलीत, बाई. तिनं नाही मोडली."

शेठाणीचा चेहरा उतरला. "मी तिला तोंडावर सांगितलं होतं, तुझी काही चूक नाही म्हणून. तू तिथंच होतीस."

"तिला सांगितलंत. तिला ते ठाऊकच होतं. गावाला कुणी सांगायचं?"

"बाजाराच्या दिवशी सगळ्या उठल्या तर काम बुडेल माझं."

"बुडू दे. आणि राग आला असेल तर मलाही काढा. फक्त काढाल तेव्हा कशासाठी काढलं ते पायरीवर उभं राहून मोठ्यानं सांगा. मला एकटीला खोलीत नका सांगू."

शेठाणी हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. बयजा तिथून निघाली ती पडवीत आली. मावशी ऐकून म्हणाली, "हे कुठल्याच रीतीत बसत नाही." हरणा ऐकूनच रडायला लागली. बयजा म्हणाली, "मावशी, तुमच्या मान खाली घालण्यानं ती चोर ठरली, तेल्याला जाऊन विचारा. आणि हरणे, तुला रडायचं तर रड, पण चालता चालता रड."

बाजाराचा दिवस उजाडला. पडवीत कुणाचा टाका सरळ पडेना. मग वेशीकडून राही आली. डोक्यावरून पदर, हात रिकामे. बाजारात तिच्यापुढची वाट आपोआप मोकळी झाली. तेल्यानं डबा जवळ ओढला. लिंबाजीनं बांगड्यांवर फडकं टाकलं.

राही पायरीशी येऊन उभी राहिली. तिला पुढं काय करायचं ते ठाऊक नव्हतं. पडवीतल्या बायकांनाही नव्हतं. अशा पाठवणीची रीतच कुणी घालून दिलेली नव्हती. ठकूमावशीनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग तीच पहिली उठली. गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, पण उठली. तिनं सुई दंडावर खोचली आणि म्हणाली, "ये गं बाई. बस पाटावर."

पाट आला. खण आला. नारळ मात्र कुणी आणलाच नव्हता. प्रत्येकीला वाटलं होतं, दुसरी आणेल. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. तेवढ्यात आतून शेठाणी आली. तिच्या हातात नारळ होता.

"अर्धा आहे का अख्खा?" मावशीनं विचारलं.

"अख्खा," शेठाणी म्हणाली, आणि तिनंच तो राहीच्या ओटीत घातला.

मग त्या निघाल्या. पुढं राही, तिच्या बाजूला बयजा, मागे मावशी, हरणा, बाकीच्या. सगळ्यांत मागे शेठाणी. हरणा चालता चालता रडत होती. बाजार तोंडात बोट घालून बघत राहिला.

"ही आली का चालली?" तेली म्हणाला.

"गेल्या बाजाराआधीच गेली होती की ही!"

"मग परत कामाला लागली?"

"ओटी भरलीय, म्हणजे चालली."

"अहो, पण गेलेली बाई परत जाते कशी?"

लिंबाजीच्या दुकानापुढं बयजा थांबली. लिंबाजी म्हणाला, "बयजाक्का, मला काही कळेना. हे काय चाललंय?"

या वेळी बयजानं आभाळाकडे बघितलं नाही. मोठ्यानं, तेल्यापर्यंत आणि तेल्याच्या पलीकडे पोचेल अशा आवाजात ती म्हणाली, "राजाची मोहीम रहित झाली. अर्धं काम गेलं. म्हणून राहीला बोलीआधी मोकळं केलं. तिनं चिंधीसुद्धा उचललेली नाही. मी तिच्या शेजारी बसत होते, मी सांगते. त्या दिवशी आम्ही तिला पोचवायला आलो नाही, ती आमची चूक. म्हणून आज आलोय. कळलं का आता?"

"कळलं," लिंबाजी म्हणाला. त्यानं बांगड्यांवरचं फडकं काढलं.

मागून शेठाणीचा आवाज आला, "खरंय ते."

वेशीपाशी सगळ्या थांबल्या. आता सगळ्यांना वाटत होतं की राहीनं गळ्यात पडावं, दोन आसवं गाळावीत, म्हणजे आपल्यालाही मोकळं वाटेल. राही कुणाच्या गळ्यात पडली नाही. तिनं ओटी सावरली आणि म्हणाली, "येते गं."

"ये," सगळ्या एकदम म्हणाल्या. इतक्या जोरात म्हणाल्या की वेशीवरचे पारवे उडाले.

राही चार पावलं गेली आणि वळली. म्हणाली, "बयजाक्का, त्या दिवशी एवढंच विचारलं असतंस, राही, जेवलीस का, तरी पुरलं असतं. एवढी वरात काढावी लागली नसती."

आणि ती ओढ्याकडे उतरली. नंतर पिंपळखुंटीचा माणूस बाजारात येऊन विचारत होता, ती बारीक टाक्याची बाई कुठल्या वस्तीवर राहते. लिंबाजीनं दुकान सोडून त्याला वाट दाखवली.

त्या पडवीतून पुढेही कधीकधी कुणी बोलीआधी गेली. धंदा आहे, कधी काम असतं, कधी नसतं. तिच्यापुढं काय बोलावं ते बयजाला पुढेही कधी नीट सुचलं नाही. पण असं काही कानावर आलं की ती आधी आपला पदर चाचपून बघते, गोधडीत अडकलेला नाही ना. मग सगळ्यांच्या आधी उठते आणि जाणारीला विचारते, "जेवलीस का?"

तात्पर्य: शेजारच्या माणसाचं काम सुटलं तर त्याची लाज राखायची म्हणून आपण मान खाली घालू नये, आपली मान खाली गेली की गावाचं बोट त्याच्यावर जातं. बोलायला सुचलं नाही तरी चालेल, पण उठावं आणि वेशीपर्यंत त्याच्याबरोबर चालावं.